परदेशातल्या नाशिककरांची मतदार नोंदणी : पासपोर्टच्या शेवटच्या पानापासून यादीच्या शेवटच्या पानापर्यंत

२९ एप्रिल २०१९, सोमवार. धाकटा भाऊ दुबईहून चुलत बहिणीच्या लग्नासाठी आला होता. मतदान आलंच आहे तर उरकून टाकू, म्हणून सकाळी सातला आमच्याबरोबर पंचवटीतल्या महापालिका शाळेत रांगेत उभा राहिला. आईचं नाव सापडलं, माझं सापडलं, त्याचं काही सापडेना. खिशातलं मतदार ओळखपत्र काढून त्याने टेबलावर ठेवलं. केंद्रावरच्या माणसाने ते उलटसुलट पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. कार्ड असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.

उलगडा घरी आल्यावर झाला. आदल्या वर्षी बीएलओ, म्हणजे आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या, मॅडम घरोघरी फिरत आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी यादी काढून एकेक नाव विचारलं. भावाचं नाव आल्यावर आई सरळपणे म्हणाली, "तो नाही हो आता इथे राहत. दुबईलाच असतो, वर्षातून एकदा येतो." नंतर नाव वगळण्याची नोटीसही आली होती. ती विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडली, न फोडलेली. मॅडमनी नियमाप्रमाणे केलं आणि आई खरं बोलली. चूक भावाची आणि माझी होती. तो गेला तेव्हा त्याची नोंद 'परदेशस्थ मतदार' म्हणून करून घ्यायला हवी होती आणि असं काही असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून ओळखीच्या पाच-सहा घरांचे अर्ज माझ्या हातून गेले. कुणाचा मुलगा जर्मनीत, कुणाची सून कॅनडात, कुणी मस्कतला. प्रत्येक वेळी घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी, पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर. वेबसाइट, ओटीपी, फोटोचा आकार या अडचणी त्यापुढे किरकोळ आहेत.

कोणाला हा हक्क आहे

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० साली दुरुस्ती होऊन कलम २०अ आलं आणि १० फेब्रुवारी २०११ पासून ते लागू झालं. नोकरी, शिक्षण किंवा दुसऱ्या कारणाने देशाबाहेर असलेल्या, पण भारताचं नागरिकत्व न सोडलेल्या माणसाला पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. त्याआधी परदेशात राहायला गेलेला माणूस त्या ठिकाणचा 'सर्वसाधारण रहिवासी' उरत नसे आणि त्याचं नाव जात असे. गावात नुसतं घर किंवा शेती आहे म्हणून कुणी रहिवासी ठरत नाही, हे याच कायद्यात वेगळं लिहिलेलं आहे. "आमचा सातबारा आहे ना" हे उत्तर इथे चालत नाही.

दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं, आणि त्याबरोबर मतदानाचा हक्कही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हे नागरिकत्व नाही. त्यावर येता-जाता येतं, राहता येतं, मत देता येत नाही. हे मला दरवर्षी कुणाला तरी समजावावं लागतं, कारण कार्डावरच्या 'सिटिझन' या शब्दाने भलेभले फसतात. ग्रीन कार्ड, कायमस्वरूपी निवास परवाना किंवा गोल्डन व्हिसावाले मात्र भारतीय नागरिकच असतात. त्यांनी बिनधास्त अर्ज करावा.

वय १८ पूर्ण हवं. पूर्वी त्यासाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरत, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार धरतात.

शिकायला गेलेल्या मुलांचं थोडं वेगळं आहे. तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचं रहिवासीपण जात नाही असंही कायदा म्हणतो, आणि परदेशस्थ मतदाराच्या व्याख्येत 'तात्पुरते असो वा नसो' असेही शब्द आहेत. माझं मत विचाराल तर सहा महिन्यांच्या प्रोजेक्टवर गेलेल्या इंजिनिअरने साधी नोंद हलवू नये. दोन वर्षांच्या एमएसला जाऊन पुढे तिकडेच नोकरी धरायच्या विचारात असलेल्या मुलाने व्हिसा हातात आला की फॉर्म ६अ, म्हणजे परदेशस्थ मतदाराचा नोंदणी अर्ज, भरून मोकळं व्हावं. फक्त दोन्हीकडे नाव ठेवू नका. एका माणसाची नोंद एकाच ठिकाणी, एकदाच असायला हवी. फॉर्मवर खोटं निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, अशी कलम ३१ ची तरतूद आहे.

सैनिकांचा आणि सरकारी नोकरीतल्यांचा रस्ता निराळा आहे. देवळालीच्या तोफखान्यातला जवान किंवा वकिलातीत नेमलेला कर्मचारी हा 'सेवा मतदार' असतो. त्याचे फॉर्म वेगळे, आणि त्याला टपाली मतपत्रिका मिळते. खासगी नोकरीवाल्याला ती सोय नाही. फॉर्म चुकला तर अर्ज फिरून परत येतो, म्हणून आधी आपण कोणत्या रांगेतले हे ठरवा.

अर्जाआधी पासपोर्ट उघडून बघा

नाशिककराला एक गंमत सांगतो. जगात कुठल्याही भारतीयाच्या हातात असलेली पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होते. पुस्तिका नाशिकची असली तरी आतला पत्ता नाशिकचा असेलच असं नाही.

भावाने २०१८ मध्ये पासपोर्टचं नूतनीकरण दुबईतच केलं होतं. तिथल्या अर्जात त्याने राहता पत्ता भरला आणि शेवटच्या पानावर तोच छापून आला. इमारतीचं नाव, पोस्ट बॉक्स, दुबई. आम्ही उत्साहाने २०१९ च्या पावसाळ्यात फॉर्म ६अ भरला आणि तो नामंजूर झाला. कायदा पासपोर्टमधला भारतातला पत्ता मागतो, आणि आमच्या पासपोर्टात भारतातला पत्ताच नव्हता. लाइट बिल, रेशनकार्ड, सोसायटीचं पत्र, काहीही त्याची जागा घेत नाही.

म्हणून पहिलं काम हेच. पासपोर्टचं पत्त्याचं पान बघा.

पत्ता नाशिकचा असेल आणि त्या घरात आजही आपलं माणूस राहत असेल, तर पुढचं सगळं सोपं जातं. पत्ता परदेशातला असेल तर पासपोर्टचा पुनर्जारी अर्ज करून तो भारतातला करून घ्यावा लागतो. परदेशात असाल तर दूतावासामार्फत, सुट्टीवर आला असाल तर इथल्या पासपोर्ट सेवा केंद्रात. पोलीस पडताळणी लागू शकते, त्यामुळे चार दिवसांच्या सुट्टीत हे उरकेल अशी आशा ठेवू नका. नूतनीकरण तसंही दर दहा वर्षांनी करायचंच असतं, तेव्हा पत्ता नाशिकचा घालायची आठवण ठेवलीत की वेगळा खटाटोप वाचतो. भावाला दुसऱ्यांदा खर्च आला तो निव्वळ माहिती नसल्याचा.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. पत्ता नाशिकचाच, पण घर विकलेलं. वडिलांनी जुना फ्लॅट विकून दुसऱ्या भागात घर घेतलं, पासपोर्टवर अजून जुनाच पत्ता. पडताळणीला बीएलओ जुन्या घरी जाणार आणि दार दुसरंच कुटुंब उघडणार. इथेही आधी पासपोर्टवरचा पत्ता बदलून घ्या. "अधिकाऱ्याला समजावून सांगू" हा विचार सोडून द्या, त्यांच्या हातात काही नसतं.

"मी नाशिकचा" म्हणजे नेमका कुठला

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आणि लोकसभेचे तुकडे तीन. नाशिक लोकसभेत सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी येतात. दिंडोरी लोकसभेत नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी. उरलेले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे धुळे लोकसभेत आहेत.

त्यामुळे परदेशात "नाशिक" सांगणारा सटाण्याचा मुलगा धुळ्याचा खासदार निवडतो आणि पिंपळगाव बसवंतची मुलगी दिंडोरीचा. कुटुंब आता नाशिक शहरात राहत असलं तरी पासपोर्टवर सटाणा असेल तर अर्ज बागलाणला जाईल. एका ओळखीच्या कुटुंबाने असा अर्ज नाशिक पश्चिमला टाकला होता. तो परत आला आणि दोन महिने गेले.

शहरातही नुसत्या अंदाजाने चालू नका. ढोबळमानाने पंचवटी पूर्वेत, सिडको आणि सातपूर पश्चिमेत, जुनं नाशिक मध्यमध्ये. नाशिकरोडचा काही भाग पूर्वेत, काही देवळालीत. हद्दी रस्त्यारस्त्यावर बदलतात. यावर घरगुती उपाय आहे. त्याच घरात राहणाऱ्या आई-वडिलांचा मतदार ओळखपत्र क्रमांक आयोगाच्या संकेतस्थळावर शोधात टाका. मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, मतदान केंद्र, तिन्ही एका पडद्यावर येतात. तो पडदा मोबाइलमध्ये साठवून ठेवा, पुढे तीनदा कामाला येतो.

फॉर्म ६अ भरताना

फॉर्मला पैसे पडत नाहीत. "तीन हजारांत करून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ऑनलाइन भरायचा असेल तर व्होटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर खातं उघडावं लागतं. तिथे परदेशस्थ मतदारासाठी वेगळा पर्याय आहे, कारण परदेशी मोबाइलवर ओटीपीची खात्री नसते. आपला रोजचा ईमेल द्या, कंपनीचा नको. नोकरी बदलली की कंपनीचा ईमेल बंद होतो आणि अर्जाची खबर मिळत नाही.

कागदावर भरून टपालाने मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे पाठवता येतो किंवा सुट्टीवर आल्यावर स्वतः नेऊन देता येतो. कोऱ्या प्रती भारतीय दूतावासातही मोफत मिळतात. हातोहात देणार असाल तर मूळ पासपोर्ट न्या, तपासून तो तिथल्या तिथे परत देतात. नाशिकमध्ये जिल्हा निवडणूक शाखा सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आहे. आपल्या मतदारसंघाचे नोंदणी अधिकारी कुठे बसतात हे तिथे किंवा १९५० या हेल्पलाइनवर विचारून मगच निघा.

जोडायच्या गोष्टी तीनच. अलीकडचा रंगीत पासपोर्ट साइज फोटो. पासपोर्टच्या फोटो, तपशील आणि पत्ता असलेल्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती. आणि वैध व्हिसाच्या पानाची स्वसाक्षांकित प्रत. स्वसाक्षांकित म्हणजे प्रत्येक झेरॉक्सवर आपली सही. नोटरीची गरज नाही. लोक सही करायला विसरतात किंवा फक्त पहिल्या पानावर करतात.

व्हिसाच्या बाबतीत काळ पुढे गेला आहे आणि फॉर्म थोडा मागे राहिला आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून पासपोर्टवर निवासी व्हिसाचा स्टिकर लावणं बंद केलं, आता एमिरेट्स आयडी हाच पुरावा. ब्रिटनमध्येही कार्ड जाऊन ई-व्हिसा आला. पासपोर्टात व्हिसाचं पानच नसेल तर मी निवास परवान्याच्या कार्डाच्या दोन्ही बाजू किंवा ई-व्हिसाची छापील प्रत जोडायला सांगतो, वर एका ओळीत 'या देशात पासपोर्टवर व्हिसा चिकटवला जात नाही' असं लिहून. रकाना कोरा सोडू नका. कोरा रकाना म्हणजे नामंजुरीला आयतं कारण.

फॉर्मात पासपोर्टचा क्रमांक, कुठे आणि कधी दिला, कधीपर्यंत वैध आहे, व्हिसाचा क्रमांक आणि प्रकार, देशाबाहेर कधीपासून आणि कशासाठी, परदेशातला सध्याचा पत्ता, हे सगळं विचारतात. पासपोर्ट पुढ्यात घेऊन बसलात तर वीस मिनिटांचं काम आहे. भारतातला पत्ता जसाच्या तसा उतरवा. पासपोर्टवर 'रो हाऊस नं. ४, अमुक मंदिराच्या मागे' असेल तर तेच लिहा, सुधारून चकचकीत करू नका.

इथे एक जागा आहे जिथे मी नेहमी थांबतो. इंग्रजीत नाव टाइप केलं की शेजारच्या चौकटीत ते मराठीत आपोआप उमटतं, आणि महाराष्ट्रात छापील यादी मराठी असते. यंत्राला आपली आडनावं कळत नाहीत. देवरेचं 'देओरे' होतं, पगारचं 'पागर', गायधनीचं 'गैधनी'. केंद्रावर यादीत बोट फिरवणारा माणूस 'देवरे' शोधत असतो आणि नाव 'देओरे' म्हणून वेगळ्याच जागी बसलेलं असतं. मराठी चौकट स्वतः वाचा आणि हाताने दुरुस्त करा. अर्ज गेल्यावर हीच दुरुस्ती करायला फॉर्म ८ भरावा लागतो.

शेवटी निवेदन असतं. मी भारताचा नागरिक आहे, दुसरं नागरिकत्व घेतलेलं नाही, घेतलं तर कळवीन, भारतात कायमचा परतलो तरी कळवीन. जुनं मतदार ओळखपत्र असेल तर ते जमा करायचं असतं. परदेशस्थ मतदाराला ओळखपत्र मिळत नाही, त्याची ओळख म्हणजे त्याचा पासपोर्ट. भावाला ते जुनं कार्ड देताना जरा वाईट वाटलं. अठराव्या वर्षी काढलेला फोटो होता, मिसरूड फुटलेला.

बीएलओ घरी येतात तेव्हा

अर्ज ऑनलाइन केला तरी पडताळणी घरी येऊनच होते, आणि ती होते तुमच्या नाही, तुमच्या आई-वडिलांच्या घरी. पासपोर्टवरच्या पत्त्यावर बीएलओ येतात आणि जोडलेल्या कागदांबद्दल नातेवाइकांकडून खात्री करून घेतात. घरात कुणी नातेवाईक नसेल, असून निवेदन द्यायला तयार नसेल किंवा अधिकाऱ्याचं समाधान झालं नाही, तर कागद त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे पडताळणीला जातात. तो रस्ता बंद नाही, पण लांबचा आहे.

म्हणून अर्ज भरल्याच्या दिवशीच घरी फोन करा. आमच्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी, २०२१ मध्ये, मी एक फाइल केली. त्यात भावाच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती, अर्जाचा संदर्भ क्रमांक आणि आईच्या ओळखपत्राची झेरॉक्स. फाइल टीव्हीखालच्या खणात ठेवली आणि आईला एकच वाक्य पाठ करवलं, "तो परदेशात असतो, म्हणूनच त्याचा तो वेगळा अर्ज भरलाय."

मॅडम आल्या त्या शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात यादी. बीएलओ बहुतेक शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा असेच कर्मचारी असतात, आपलं रोजचं काम सांभाळून हे करतात. आईने आधी पाणी दिलं, मग वाक्य म्हटलं, मग फाइल पुढे केली. मॅडमनी प्रती पाहिल्या, आईची सही घेतली आणि विचारलं, "लग्न झालंय का त्यांचं? मिसेस पण तिकडेच असतील तर त्यांचाही भरा की." हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. वहिनीच्या पासपोर्टवर माहेरचा, येवल्याचा पत्ता. म्हणजे नवऱ्याचं मत नाशिक पूर्वला आणि बायकोचं येवल्याला. तसंच झालं, आजही तसंच आहे.

आठ-दहा दिवसांत कुणी आलं नाही तर वाट पाहत बसू नका. यादी भाग क्रमांक टाकला की बीएलओचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर मिळतो. घरच्यांनी एक फोन करून "आम्ही अमुक वेळी घरी आहोत" असं सांगितलं तर त्यांचाही हेलपाटा वाचतो. आई-वडील चारधामला किंवा तुमच्याकडेच परदेशात आलेले असताना अर्ज टाकू नका. कुलूपबंद घर बघून बीएलओ तरी काय लिहिणार?

निर्णय परदेशातल्या पत्त्यावर टपालाने आणि मोबाइलवर एसएमएसने कळवतात. अर्ज नामंजूर झाला आणि तो चुकीने झाला असं वाटत असेल तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यापुढे ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. कागदच अपुरा होता असं असेल तर अपिलात न शिरता नवा अर्ज करावा, तो लवकर होतो.

उशीर कधी होतो

आचारसंहिता लागली की लोकांना जाग येते. कायद्याप्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर त्या निवडणुकीच्या यादीत नवं नाव घालता येत नाही. २०२४ च्या लोकसभेला नाशिकचं मतदान २० मे रोजी होतं आणि उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख ३ मे. हरकतींसाठी सात दिवस आणि पडताळणीचा वेळ धरला तर अर्ज त्याच्या दहा दिवस तरी आधी पोचायला हवा होता, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास. आमच्यासारखा पासपोर्टच बदलायचा असेल तर वर्षभर आधी लागा. अर्ज वर्षभर घेतात, निवडणूक असो वा नसो.

नाव लागल्यावरही दरवर्षी एकदा यादी बघा. परदेशातला पत्ता बदलला तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. पासपोर्टचं नूतनीकरण केलं आणि भारतातला पत्ता बदलला, तर नोंदही हलवावी लागेल हे ध्यानात ठेवा.

मतदानाचा दिवस

आता कटू भाग. मत द्यायला स्वतः यावं लागतं. टपाल नाही, ऑनलाइन नाही, दूतावासात मतपेटी नाही, भावाच्या वतीने मी नाही. प्रॉक्सी म्हणजे प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलं होतं, पण राज्यसभेत ते पुढे गेलं नाही आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर व्यपगत झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने परदेशस्थ मतदारांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने टपाली मतपत्रिका देण्याची तयारी सरकारला कळवली. कायदा आणि नियम अजून तिथेच आहेत.

परिणाम आकड्यांत दिसतो. आयोगाच्या आकडेवारीनुसार २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, मत दिलं २,९५८ जणांनी, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रात नोंदणी ५,०९७, मतदान १७. सतरा! एका रिक्षा स्टँडवर याहून जास्त माणसं असतात. आखातातून केरळला जाणारा माणूस मतदानासाठी विमान धरतो, कारण तिथे संघटना त्याच्यासाठी तिकिटांची सोयसुद्धा बघतात. आपल्याकडे तसं वातावरण नाही. भावाला त्या मे महिन्यात रजा मिळाली नाही, तो त्या सतरांत नव्हता.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला आलं, दिवाळीनंतर तीनेक आठवड्यांनी. त्याने दिवाळीची रजा पुढे सरकवली आणि पणत्या विझल्यानंतर घरी आला. येणाऱ्यांना तेवढंच सांगीन, मतदानाच्या आदल्या दिवशी मुंबईत उतरा, त्याच दिवशी नको. नाशिकला थेट परदेशी विमान नाही. मुंबईहून रस्त्याने साधारण १७० किलोमीटर. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाचा जाच कमी झाला आहे, पण भिवंडी-ठाण्याचं तुंबणं आहेच. मतदान सहाला संपतं, आणि सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्यांनाच पुढे घेतात.

केंद्रावर मूळ पासपोर्ट न्यायचा. झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही, आधार नाही. बॅगेत टाकून लॉकरमध्ये ठेवून येणारे मी पाहिले आहेत.

त्या दिवशी पहिल्या मतदान अधिकाऱ्याने भावाचं नाव विचारलं, यादीत बोट फिरवलं, मान हलवली. "नाहीये. कार्ड दाखवा." भावाने पासपोर्ट पुढे केला. अधिकारी गोंधळला, मागे बसलेल्या केंद्राध्यक्षांकडे पाहिलं. रांगेतल्या दोघा-तिघांनी माना पुढे काढल्या. हा प्रसंग येणार हे मला माहीत होतं, म्हणून मी भावाला सांगून ठेवलं होतं. तो म्हणाला, "साहेब, परदेशस्थ मतदारांची नावं या भागाच्या यादीत सगळ्यात शेवटी असतात. जरा शेवटचं पान बघता का?" पानं उलटली. वेगळ्या मथळ्याखाली दोनच नावं होती, त्यातलं एक त्याचं. पासपोर्टवरचा फोटो पाहिला, सही घेतली, डाव्या तर्जनीला शाई लागली. आयुष्यात एवढी प्रेमाने शाई लावून घेताना मी त्याला पाहिलं नव्हतं.

म्हणून जाण्याआधी यादीच्या त्या शेवटच्या पानाचा फोटो काढून ठेवा, अनुक्रमांकासकट. कुणाशी वाद घालावा लागत नाही, बोट ठेवून दाखवता येतं.

कायमचे परत आलात तर

परदेशस्थ नोंद भारतात राहायला आल्यावर आपोआप साधी होत नाही. परत आलात, इथे राहू लागलात की नोंदणी अधिकाऱ्याला कळवून फॉर्म ६ भरायचा, म्हणजे नाव यादीच्या मुख्य भागात येतं आणि ओळखपत्रही पुन्हा मिळतं. उलट, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत तर नाव कमी करायला कळवणं ही तुमचीच जबाबदारी. नाव यादीत राहिलं आहे म्हणून मत दिलंत तर तो गुन्हा आहे.

भाऊ पुढच्या वर्षी परततोय म्हणतो. टीव्हीखालच्या खणातल्या फाइलवर आईने आत्ताच पेनाने '६' लिहून ठेवलंय आणि बीएलओ मॅडमचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.